केसपेपरच्या खिडकीवरची संमती

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली होती. फुप्फुसाचा क्षय. निदान ऐकल्यावर तिने आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टर, कागदावर लिहू नका. घरात स्थळं बघतायत."

मला लिहावंच लागणार होतं. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. नाव 'निक्षय' या सरकारी पोर्टलवर जातं, रुग्णाची परवानगी लागत नाही. ती का लागत नाही, हे मी तिला सांगत बसलो. आजार हवेतून पसरतो, घरच्यांची तपासणी करायला हवी, गोळ्या मध्येच सुटल्या तर पुढे औषधच लागू न पडण्याचा धोका असतो. अर्धा तास गेला, बाहेर पेशंट खोळंबले. शेवटी ती म्हणाली, "बरं, लिहा." कायद्याला तिचा होकार नको होता. मला हवा होता.

आता केसपेपरच्या खिडकीवर या. आतून आवाज येतो, "आधार नंबर सांगा, ओटीपी सांगा." आजोबा फोनच पुढे करतात, खिडकीतली मुलगी आकडे वाचून घेते आणि 'आभा' हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक तयार होतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं, तेव्हापासून हा क्रमांक ऐच्छिक आहे. इथे कायद्याला होकार हवा आहे, आणि इथेच कुणी विचारत नाही. कोरोनाच्या लशीवेळी आधार दाखवलेल्या कित्येकांना तर आपला आरोग्य क्रमांक निघाल्याचं प्रमाणपत्रावर वाचून कळलं.

या डिजिटल मिशनची आखणी वाईट नाही. मूळ नोंदी रुग्णालयातच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला त्या पाहायच्या असतील, तर कोणत्या, कशासाठी आणि किती दिवस, हे पाहून रुग्णाने ॲपवर होकार द्यायचा. जुने रिपोर्ट हरवलेल्या मधुमेहाच्या रुग्णाला याचा किती उपयोग आहे, हे मी रोज बघतो. पण फोन ज्याच्या हातात, होकार त्याचा. आपल्याकडे आईचा नंबर मुलाकडे असतो, बायकोचा नवऱ्याकडे. तिच्या गर्भपाताची किंवा मनोविकाराची नोंद उघडायचा ओटीपी त्याच फोनवर येतो. ही आखणी करताना त्या बाईचा विचार झालेला मला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या सुरुवातीला रुग्णांच्या नोंदी एकत्र करण्याच्या 'केअर डॉट डेटा' या योजनेसाठी घरोघर पत्रकं टाकली गेली. एवढ्याने विचारणं झालं, हे तिथल्या लोकांनी आणि डॉक्टरांनी मानलं नाही. फेब्रुवारीत योजना थांबवावी लागली आणि जुलै २०१६ मध्ये ती गुंडाळली गेली.

खिडकीतल्या मुलीवर रागावू नका, तिला रांग संपवायची असते. पण आकडे सांगण्याआधी विचारा, "हा ओटीपी कशासाठी?" आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. दिलेली संमती मागे घेता येते, काढलेला क्रमांक बंदही करता येतो.