निष्ठेचे मूळ

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून खाणी-कारखान्यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु डिचोली आणि पेडणे या तालुक्यांतील कितीतरी घरांची चूल खाणीवरच्या, कारखान्यातल्या वा कचेरीतल्या पगारावर पेटत आली आहे. म्हणून मालकाने नोकराकडे माणूस म्हणून पाहिले असता त्याच्या वागणुकीत आणि निष्ठेत काय फरक पडतो, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

निष्ठेचा एक जुना नमुना आपल्याला ठाऊक आहे. तो म्हणजे भाटकार आणि मुंडकार यांचा. मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर घर करून राही, भाटाची राखण करी आणि बोलावणे येताच कामाला धावे. काही भाटकार दयाळूही असत. अडीनडीला ते मदत करीत, लग्नकार्याला हातभार लावीत. बाहेरून पाहणाऱ्यास ही निष्ठाच वाटे. पण डोक्यावरचे छप्पर काढून घेण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुढे वाकलेली मान निष्ठेची की भीतीची, हे ओळखणार कसे? मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला, तेव्हा ती परीक्षा झाली. जेथे खरी आपुलकी होती, तेथे कायद्यानंतरही चतुर्थीला येणेजाणे राहिले. जेथे केवळ धाक होता, तेथे मामलेदाराच्या कचेरीत दावे उभे राहिले. उपकारातून उपजलेली निष्ठा परावलंबन संपताच संपते, हा त्यातील धडा होय.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारच्या मुलखातले आहे. बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर, कामगारांच्या कुटुंबांसह वसाहत उभी केली. तीच किर्लोस्करवाडी. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी तेथे पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून जगाने कुलपे लावून घ्यावीत, त्यांच्याच हाती राखण सोपवली! हा उपकार नव्हता, हा विश्वास होता. उपकाराने माणूस मिंधा होतो, विश्वासाने तो जबाबदार होतो. मालकाच्या धोरणाचा नोकराच्या वागणुकीवर परिणाम होतो तो या वाटेने.

तथापि केवळ सोयी पुरविल्या म्हणजे निष्ठा आपोआप येते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली आणि भविष्यनिर्वाह निधी १९२० साली सुरू झाला. त्या निधीचा देशव्यापी कायदा व्हायला १९५२ साल उजाडले. असे असूनही त्याच कारखान्यात १९२०, १९२२ आणि १९२८ साली मोठे संप झाले. सोयी होत्या, परंतु आपले म्हणणे ऐकले जाते, ही खात्री कामगारांना वाटत नव्हती. पुढे १९५६ च्या करारान्वये कामगार व व्यवस्थापक यांनी एकत्र बसून विचारविनिमय करण्याची रीत पडली आणि तो कारखाना औद्योगिक शांततेसाठी ओळखला जाऊ लागला. घर, दवाखाना, शाळा ही निष्ठेची शरीरे आहेत. तिचा प्राण ऐकून घेण्यात आहे.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. उमेदीच्या काळात मी एका खाणीवरच्या कचेरीत होतो. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे साहेबांचा चहा कपबशीतून येई आणि कामगारांचा पत्र्याच्या पेल्यातून. एका वयस्क कामगाराने पंपाच्या जागेविषयी शंका काढली, तेव्हा 'तुला कोणी विचारले?' असे उत्तर मिळाले. पावसाळ्यात खड्डा भरला, पंप बुडाला आणि सारेजण काठावर उभे राहून पाहत राहिले. पुढच्या वर्षी नवे व्यवस्थापक आले. पहिल्याच आठवड्यात ते पत्र्याच्या पेल्यातून चहा पीत त्या वृद्ध गृहस्थांना पंप कुठे बसवावा ते विचारू लागले. त्या पावसाळ्यात, मध्यरात्री पाणी चढताच, पाळी नसलेली माणसेही निरोपाची वाट न पाहता कंदील घेऊन खाणीवर आली. पगार तोच होता. बदलला होता तो पेला, आणि प्रश्न विचारण्याची पद्धत.

परंतु खरी कसोटी सुगीत नव्हे, दुष्काळात लागते. डिचोलीने ती पाहिली आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, काही काळाने सुरू झाल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये उत्खनन पुन्हा थांबले. ट्रक दारात आणि बार्ज किनाऱ्याला उभे राहिले. लिलावानंतर डिचोलीची खाण २०२४ साली सुरू होईपर्यंत मधली वर्षे गेली, ती कुटुंबांनी कशी काढली हे या श्रोत्यांना सांगायला नको. न्यायालयाचा निर्णय मालकाच्या हातचा नसतो, हे कामगार जाणतो. पण खरी परिस्थिती त्याला आधी कोणी समजावून सांगितली, वाईट दिवसांत कोणी विचारपूस केली, हे तो जन्मभर विसरत नाही. ज्याने वर्षानुवर्षे निष्ठा मागितली, त्याच्याकडून संकटात तिची परतफेड मागण्याचा अधिकार कामगारालाही आहे.

आता पाळी पेडण्याची आहे. तुये येथे औद्योगिक वसाहत होतीच. मोपाच्या पठारावर विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि त्यापुढील जानेवारीत विमाने उडू लागली. काजूच्या बागांतून वाढलेली मुले गणवेश घालून पाळीवर जाऊ लागली. त्यांच्या वरिष्ठांना माझे एवढेच सांगणे आहे, की भाटकारी नव्या वेषात आणू नका. नोकरी जाण्याच्या धास्तीने मिळणारी 'होय साहेब' म्हणजे निष्ठा नव्हे. चूक दिसताच ती तोंडावर सांगणारा नोकर हाच निष्ठावंत होय. त्याला तसे सांगता यावे, एवढी निर्भयता राखणे हेच व्यवस्थापनाचे पहिले कर्तव्य.

शेवटी एक विनंती. शंभर वर्षे या वास्तूचे दार वेळेवर उघडले, ते ठरावांनी उघडले नाही. अल्प वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथपालांनी आणि शिपायांनी ते उघडले. या स्मरणिकेत देणगीदारांची नावे येतील, ती यावीतच. त्यांच्या शेजारी, त्याच अक्षरांत, या सेवकांचीही नावे यावीत. निष्ठेविषयी दुसऱ्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच प्राप्त होईल.