रोजच्या तीन चांगल्या गोष्टी, आणि त्यांचं कारण

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेल्या मांडणीचा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजचा विषय 'सकारात्मक विचार' असा पत्रकावर छापलाय. तो वाचून एक काकू आत्ताच म्हणाल्या, "सोयाबीनला भाव नाही, आणि ही पोरगी आम्हाला हसायला शिकवणार." काकू, हसायला नाही शिकवत. भाव नाही तो नाहीच. 'सगळं छान आहे' असं आरशासमोर दहा वेळा म्हटलं म्हणून हप्ता भरला जात नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी आज वहीबद्दल बोलणार आहे.

गटाची रोकडवही कशी असते? एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. समजा, वही लिहिणाऱ्या ताईने वर्षभर फक्त खर्चाचीच बाजू लिहिली, जमा लिहिलीच नाही, तर? पेटीत शिल्लक असूनही वहीत गट बुडालेला दिसेल. आपलं मन नेमकी अशीच वही लिहितं बघा. दिवसभरात दहा कामं नीट झाली आणि एक भाजी करपली, तर रात्री अंथरुणावर आठवते ती करपलेली भाजी, आणि तिच्यावरून कोण काय बोललं ते. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. माणसाच्या मेंदूची ठेवणच तशी आहे. धोक्याची, अपमानाची गोष्ट तो चटकन पकडतो आणि जास्त वेळ धरून ठेवतो. साप दिसला ती जागा विसरून चालत नाही, आंब्याला मोहोर चांगला आला होता हे विसरलं तरी चालतं. म्हणून जमेची बाजू आपोआप लिहिली जात नाही. बसून लिहावी लागते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना एक आठवडा एवढंच काम दिलं होतं: रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढे ती का झाली, ते कारण लिहायचं. त्या लोकांची उदासी कमी झाली, समाधान वाढलं, आणि सहा महिन्यांनीही फरक दिसत होता. आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त फायदा झाला. आता, ही माणसं इंटरनेटवरून स्वतःहून आलेली. त्यांच्या डोक्यावर हंडा आणि सरपण नव्हतं. त्यामुळे तसाच्या तसा गुण आपल्याला येईल, असं मी म्हणत नाही. पण खर्च एका पेनाचा आहे, करून बघायला हरकत नाही.

यातली खरी गंमत तीन गोष्टींत नाही, कारणाच्या रकान्यात आहे. गटांमध्ये मी हे तोंडी विचारून पाहते. "शेळीला दोन पिल्लं झाली." कारण? "देवाची कृपा." "गटाचं कर्ज मंजूर झालं." कारण? "बँकेचे साहेब चांगले." "पोरगी दहावी पास झाली." कारण? "पोरगीच हुशार."

देवाला, साहेबांना आणि पोरीला त्यांचा त्यांचा वाटा जरूर द्या. पण शेळी गाभण असताना पावसात चारा कोणी आणला? पशुसखीला बोलावून लस कोणी टोचून घेतली? बँकेने कर्ज देण्याआधी काय तपासलं? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. ही पंचसूत्री साहेबांनी पाळली की तुम्ही? महिना 100 रुपयांप्रमाणे पाच वर्षं म्हणजे साठ वेळा बचत भरलीय तुम्ही. साठ महिन्यांत घरात एकदाही अडचण नव्हती का? होतीच. तरी भरली. आणि पोरीची परीक्षा होती तेव्हा तिच्या वाटणीची धुणी-भांडी कोणाच्या हातात होती?

वाईट झालं की मात्र या रकान्यात आपलं नाव लगेच येतं. पापड वाळताना तडकले की "मला काही जमतच नाही." अहो, त्या दिवशी वारं होतं. पीठ कोरडं पडलं असेल. कारण नीट लिहिलं तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं. 'जमतच नाही' असं लिहिलं तर काय बदलणार?

सर्वेक्षणाचा फॉर्म भरताना मी विचारते, ताई, तुम्ही काय करता? दहातल्या आठ जणी म्हणतात, "काही नाही, घरीच असते." हे म्हणताना एका हाताने शेंगा फोडणं चालू असतं.

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. 'सकारात्मक राहा' हे वाक्य बाईला गप्प बसवायलाही वापरलं जातं. नवरा मारतो, सकारात्मक राहा. दारूत पैसे उडवतो, चांगली बाजू बघ. नाही. माराला चांगली बाजू नसते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात दाद मागता येते, 181 हा महिलांसाठीचा नंबर आहे, जीवावर बेतलं तर 112. सीआरपी ताईंना सांगा, गटात सांगा.

तसंच, दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर ते वही लिहून जाणारं दुखणं नाही. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर 14416. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर आज घरी गेल्यावर भिंतीवर लिहून ठेवा. स्वतःसाठी नसला तरी शेजारणीसाठी लागेल.

"तुझं अजून लग्न झालं नाही, तुला काय कळतंय," असं काही जणी मनात म्हणत असतील. म्हणा! पण आठ दिवस करून बघा आणि मग म्हणा.

कसं करायचं? लेकराची जुनी वही घ्या, उरलेली कोरी पानं चालतात. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे गोष्ट, उजवीकडे कारण. गोष्ट मोठी हवी असं नाही, 'आज दुपारी अर्धा तास पाठ टेकली' हीसुद्धा चालेल. फक्त कारण लिहा: 'मी सुनेला सांगितलं, स्वयंपाकाचं आज तू बघ.' ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी दोन डब्या घ्याव्यात आणि चिंचोके. रात्री एकेक गोष्ट आणि तिचं कारण मोठ्याने बोलायचं आणि एक चिंचोका या डबीतून त्या डबीत टाकायचा. नातवंडं जवळ असतील तर ऐकू द्या, त्यांनाही कळेल आजी दिवसभर काय करते ते.

एखाद्या दिवशी तीन सापडल्या नाहीत तर एकच लिहा. तीही नसेल तर पान कोरं ठेवा, खोटी नोंद करू नका. गटाच्या वहीत आपण करत नाही, इथेही नको.

पुढच्या महिन्याच्या सभेत दशसूत्रीचा आढावा झाला की ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या वहीतलं एक पान वाचायचं आहे. सक्ती नाही. डाव्या बाजूचं नाही वाचलं तरी चालेल, उजव्या बाजूचं वाचा.