व्याज कशावर?

मायबहिणींनो, आणि मागं बसलेल्या गडीमाणसांनो, आज कर्जाबद्दल बोलायचं आहे. विषय बायांचा आहे, पण गड्यांनी उठून जाऊ नये. बाईच्या नावावर काढलेला पैसा पुष्कळदा कुणाच्या हातात जातो, हे तुम्हांलाही ठाऊक आहे.

सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. कायमचा दुष्काळी मुलूख. तिथं म्हसवडला रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई होती. पावसाळ्याआधी झोपडीवर प्लॅस्टिकचा कागद घालावा, म्हणून तिला थोडे पैसे साठवायचे होते. पण इतक्या थोड्या पैशाचं खातं बँक उघडून देईना. ध्यानात घ्या, ती कर्ज मागत नव्हती. स्वतःचाच पैसा ठेवा म्हणत होती.

तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायांचीच बँक काढायचं ठरवलं. त्याला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. तो नाकारला गेला. कारण काय, तर सभासद बायांना लिहितावाचता येत नाही. मग त्या बाया तुमच्यासारख्याच वर्गाला बसल्या. पाच महिन्यांनी पंधराजणी रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या लहानपणी शाळा नव्हती, तो आमचा दोष नव्हे. हिशेब मात्र आम्हांला येतो. कोणतीही रक्कम सांगा, व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनीही यंत्राशिवाय काढावं, बघू कोण आधी सांगतं! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

तर आपणही तोंडी व्याज काढू. सावकार म्हणतो, शेकडा पाच. हा दर महिन्याचा असतो, वर्षाचा नव्हे. १,००० रुपये घेतले तर महिन्याला ५० रुपये. वीस महिन्यांत १,००० रुपये व्याज गेलं, आणि मुद्दल जसंच्या तसं उभं! शिवाय सावकारीलाही सरकारी परवाना लागतो, तो बघितल्याशिवाय पुढं बोलूच नये.

आता हप्त्याचं कर्ज. १०,००० रुपये, एक वर्षाची मुदत, व्याज वर्षाला शेकडा बारा. म्हणजे १,२०० रुपये. हिशेब बरोबर वाटतो ना? पण थांबा. सहा हप्ते भरल्यावर तुमच्याकडं मुद्दल निम्मंच उरलं. व्याज मात्र पुऱ्या १०,००० वर चालू आहे. दर महिन्याला जेवढं मुद्दल उरेल तेवढ्यावरच व्याज धरलं, तर वर्षाचं व्याज ७०० रुपयांच्या आत येतं. दर तोच, आणि फरक ५०० रुपयांचा. म्हणून नुसतं “किती टक्के” विचारू नका. “कशावर” तेही विचारा.

कर्ज काढूच नका, असं आम्ही म्हणणार नाही. शेळी घेतली, शिवणयंत्र घेतलं, तर त्यातून हप्ता निघतो. लग्नाच्या मांडवातून निघत नाही.

गटाच्या कर्जाला जमीन नको, डाग नको. तारण असते ती शेजारीण. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. म्हणून वसुलीवाल्याच्या आधी गल्लीच बोलू लागते. मग लाजेपायी बाई एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरते. आंध्र प्रदेशात हेच झालं. एकेका घरात अनेक कर्जं शिरली, वसुलीचा जाच वाढला, काहींनी जीव दिला. २०१० साली तिथल्या सरकारला कायदा करावा लागला.

२०२२ सालापासून रिझर्व्ह बँकेनं अशा विनातारण कर्जांना नियम घातले आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घरांना ते लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कर्जाचा कागद तुम्हांला कळेल त्या भाषेत द्यायचा. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी तर मुळीच नाही.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकीनं आपलं हप्त्याचं कार्ड आणावं. व्याज कुठं लिहिलं आहे, ते बोट ठेवून वाचू. ज्या कार्डावर सापडणार नाही, ते घेऊन आम्ही त्या बाईबरोबर कंपनीच्या कचेरीत जाऊ.