जीपचे ब्रेक



ह्या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकला, राजकारण ऐकले, साहित्यातले वादही ऐकले. माझा विषय फलकावर लिहिताना एका उत्साही कार्यकर्त्याने मला विचारले, "साहेब, ब्रेकवर एवढा वेळ काय बोलणार?" मी त्याला म्हटले, "बाबा, जो ब्रेक लागला त्याविषयी बोलण्यासारखे काहीच नसते. जो लागला नाही त्याविषयी मात्र पुष्कळ बोलता येते." तेव्हा न लागलेल्या ब्रेकपासूनच सुरुवात करतो.

मला जुन्या जीपगाड्यांचा नाद आहे. ही जीप मूळची अमेरिकन लष्कराची. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीने ती हजारोंनी बनवली, आणि नंतर मुंबईत महिंद्र कंपनीने तिची जुळणी सुरू केली. पुढे आपल्या खेड्यापाड्यांत पाटबंधाऱ्यांचा इंजिनिअर, वनखात्याचा अधिकारी आणि निवडणुकीतला उमेदवार हे तिघेही तिच्यातूनच उतरले. असली एक जीप मी हौसेने घेतली. तिला दणकट डिझेल इंजिन बसवले. टायर मोठे घातले. स्प्रिंगा उंच केल्या. गाडी कशी ऐटदार दिसू लागली! ब्रेक तेवढे होते तसेच ठेवले. ब्रेक बाहेरून दिसत नाहीत हो, त्यांच्यावर पैसे कोण घालतो?

बारा वर्षांपूर्वीच्या श्रावणात भोरकडून महाडकडे वरंधा घाट उतरत होतो. शेजारी माझा मेहुणा, मागे सामान आणि दोन मुले. निम्मा घाट उतरल्यावर करपल्यासारखा वास येऊ लागला. मेहुणा म्हणाला, "दाजी, काहीतरी जळतंय." मी म्हटले, "पुढच्या ट्रकचं असेल." पुढच्या वळणावर पाय दाबला तो सरळ फळीला टेकला. पॅडलमध्ये जीवच नव्हता. गिअर कसाबसा खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाच्या गटारात घातली. दरीच्या अंगाला घातली नाही म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

गंमत पुढेच आहे. अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा टणक लागू लागले! दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितले, "ब्रेक उत्तम आहेत, तुमचाच पाय घसरला असेल."

माझा पाय घसरला नव्हता. हिशेब चुकला होता. तो हिशेब आपण मिळून करू.

भरलेली जीप दीड हजार किलोची धरा आणि घाटाची उतरण ५०० मीटर धरा. इतके वजन इतके खाली आणताना जी शक्ती मोकळी होते तिची उष्णता सुमारे १,७५० किलोकॅलरी भरते. गृहिणींना समजेल अशा भाषेत सांगायचे तर नळाचे तेवीस लिटर पाणी उकळीला येईल एवढी आच. हीच जीप सपाट रस्त्यावर ताशी साठ किलोमीटरवरून एकदा थांबवली तर सुमारे पन्नास किलोकॅलरी लागतात. म्हणजे एक घाट उतरणे हे असे पस्तीस वेळा थांबण्याबरोबर आहे, आणि तेही दम न घेता. ही आच जायची कुठे? इंजिनने गाडी धरली तर बरीचशी तिकडे जाते. गाडी वरच्या गिअरमध्ये सोडून पाय ब्रेकवर ठेवला तर सारी चार ड्रमांच्या लोखंडात शिरते. विलीज जीपचा ड्रम नऊ इंचांचा. त्याच्या आत दोन शू फाकतात आणि ड्रमला घासतात. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. लायनर तापला की त्याची पकड सुटते. आणि ब्रेक ऑइल तापले की उकळते.

उकळण्यालाच मी फसलो होतो. पॅडलचा दाब चाकापर्यंत पोहोचतो तो ऑइल दाबले जात नाही म्हणून. पास्कलने सांगितलेला साधा नियम. पण त्या ऑइलची वाफ झाली की वाफ दाबली जाते आणि पाय फळीला टेकतो. गाडी निवली की वाफेचे पुन्हा ऑइल होते. त्या गॅरेजवाल्याला काहीच सापडले नाही ते म्हणूनच. त्यातून हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलला मात्र १४० अंशांचीच हमी. माझ्या गाडीतले ऑइल किती पावसाळ्यांचे होते हे मी ह्या सभेत सांगत नाही.

आता मोठ्या टायरांचे पाहा. एकोणतीस इंचांचे टायर काढून तेहतीस इंचांचे घातले की तीच गाडी थांबवायला ड्रमवर सुमारे चौदा टक्के अधिक जोर लागतो, कारण जमीन आता लांबच्या दांड्याने चाक फिरवते आहे. वजन वाढले ते निराळेच. इंजिन वाढवणाऱ्याने ब्रेक वाढवलेच पाहिजेत, ही हौस नव्हे, हे कर्ज आहे.

ते फेडायचे कसे? आधी जुनेच नीट करावे. नवे लायनर, गळके व्हील सिलिंडर बदलणे, ऑइल पूर्ण काढून नवे भरणे, लांबच्या चाकापासून सुरुवात करून एअर काढणे. माझे मत असे की निम्म्या लोकांना ह्यापुढे जाण्याची गरजच पडत नाही. त्यानंतरची पायरी म्हणजे पुढच्या काळातल्या जीपचे अकरा इंची ड्रम. घासणारे क्षेत्र वाढते, लोखंड वाढते, आणि बाकीच्या रचनेत फारशी ढवळाढवळ होत नाही.

तिसरी पायरी डिस्कची. १९५३ मध्ये ल मॉंच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर बाजी मारली आणि जगाचे डोळे उघडले. उघडी चकती वाऱ्याने निवते. तापून फुगली तर पॅडकडेच येते. ओढ्यातून गाडी काढली तर पाणी दोन फेऱ्यांत पुसले जाते. ड्रममध्ये तेच पाणी चिखलासकट मुक्कामाला राहते. पुढच्या दोन चाकांना डिस्क घातली तरी मोठे काम होते, कारण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढेच झुकतो.

पण डिस्क बाजारातून आणून बोल्टाने आवळली म्हणजे झाले असे समजू नका. ड्रममध्ये एक शू चाकाच्या फिरण्याने आपोआप अधिक आवळला जातो, डिस्कला ही फुकटची मदत नाही; म्हणून पाय जड होतो आणि बूस्टर लागतो. कॅलिपरला ऑइल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलिंडर बदलावा लागतो. फार मोठा घातला तर पॅडल दगडासारखे, लहान ठेवला तर पाय खोल जातो. आणि जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीच्याही खाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर. गाडी उभी असताना ऑइल मागे उतरते आणि पहिला पाय पोकळ जातो. त्यासाठी नळीत दोन पाउंडांचा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह लागतो. ड्रमसाठीचा दहा पाउंडांचा तिथे राहिला तर पॅड सदा घासत राहतील. एवढ्याशा व्हॉल्व्हपायी लोकांनी महिनेच्या महिने घालवलेले मी पाहिले आहेत.

मास्टर सिलिंडर बदलतच आहात तर दुहेरी घ्या. जुन्या जीपमध्ये एकच नळी चारी चाकांना पुरवते. एक जागा गळली की चारही गेली. अमेरिकेत मोटारींना दुहेरी व्यवस्था १९६८ पासून सक्तीची झाली. स्प्रिंगा उंच केल्या असतील तर रबरी नळ्याही लांब हव्यात. खड्ड्यात चाक लोंबकळले की आखूड नळी ताणून तुटते, आणि ती तुटते नेमकी अडचणीच्या जागी.

हँडब्रेकविषयी थोडे. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, मागच्या शाफ्टवर आहे. उतारावर गाडी उभी करून एक मागचे चाक जॅकने उचलले, की डिफरन्शिअलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि गाडी चालू लागते. पंक्चर काढणाऱ्याने आधी दगड लावावा.

कायद्याचेही बघितले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या गाडीत वाटेल तो फेरफार करता येत नाही. हात लावण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या. आणि काम झाल्यावर घाटात जाऊ नका. आधी मोकळ्या मैदानात दहा, वीस, चाळीसच्या वेगाने, एकट्याने थांबवून पाहा. मागची चाके आधी अडकतात का ते बघा. अडकत असतील तर गाडी आडवी फिरेल, मागचा दाब कमी केला पाहिजे.

माझ्या त्या जुन्या जीपचा एक ड्रम मी सोबत आणला आहे. आतल्या अंगाला निळसर डाग दिसतील, तेवढा तो तापला होता. केसासारख्या चिराही आहेत. सभा संपल्यावर टेबलाजवळ या आणि पाहा. हात काळे होतील, मी फडके ठेवले आहे.