घडीचा चाकू घ्यायचा तर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्या समूहांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



दोन ग्रामसंघांच्या ठरावात या महिन्यात एकच मागणी आली आहे. समूहांनी मिळून एकत्र खरेदी करावी आणि प्रत्येक बाईला एक छोटा घडीचा चाकू द्यावा. एका ठरावात कारण लिहिलंय "शेतीकामासाठी". दुसऱ्यात लिहिलंय "संरक्षणासाठी". अध्यक्षताई म्हणाल्या, दोन्हीचा चाकू एकच, मग घेऊन टाकू. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, म्हणून आज वेळ मागून घेतला.

आधी कामाचं बोलू. वावरात गेल्यावर दिवसातून किती वेळा काहीतरी कापावं लागते, ते मोजून पाहा. खताच्या पोत्याची सुतळी, ठिबकची नळी, सांबाराच्या जुडीचा दोरा, बियाण्याचं पाकीट, फवारणीच्या औषधाची पुडी. विळा असतो, पण तो धुऱ्यावर राहिलेला असतो. घरची पावशी तर घरीच. मग आपण काय करतो? दात. एका मावशीनं मला सरळ सांगितलं, "बाई, पाकीट दातानंच फाडतो आमी. वावरात चाकू कोन आनून देते?"

हे ऐकून मला चाकूची मागणी एकदम पटली. कपाशीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असते, रंग दिसतो तो त्याचाच. आणि फवारणीची पुडी दातानं फाडणं म्हणजे विष जिभेला लावणंच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ते दातानं पुडी फाडल्यानं झालं असं मी म्हणत नाही. ते विष अंगावर उडून, श्वासातून, कातडीतून गेलं. पण विष शरीरात जायच्या वाटा कमी करायच्या तर ही दातांची वाट आजच बंद करता येते, आणि त्याला एक छोटं पातं पुरते.

मात्र इथेच एक अट आली. ज्या पात्यानं औषधाची पुडी कापली त्यानं संत्रं कापायचं नाही, कांदा नाही, लेकराला पेरूची फोड नाही. पुसलं तरी नाही. म्हणून औषधाच्या पुड्यांसाठी एक स्वस्त कात्री फवारणीच्या सामानातच दोरीनं बांधून ठेवा, मुठीला लाल चिकटपट्टी लावा. ती घरात येणार नाही. अंगावर बाळगायचा चाकू वेगळा. एवढं जमत नसेल तर चाकू घेऊच नका, मी तरी असंच म्हणेन.

आता तो चाकू कसा असावा?

पातं दोन ते अडीच इंच. आपल्या मधल्या बोटापेक्षा लांब नको. पुष्कळ जणींना वाटते की मोठं पातं म्हणजे जास्त काम, पण सुतळी कापायला, जुडी सोडायला, फळाचा देठ कापायला एवढं पुरते. लांब पातं कमरेला टोचते आणि लोकांच्या डोळ्यातही भरते. टोक फार अणकुचीदार नको, थोडं गोलसर असलेलं बरं.

बटण दाबलं की खट्कन उघडणारा चाकू घ्यायचा नाही. हिंदी सिनेमात रामपुरी पाहिलाय ना, तो प्रकार. त्याचं एकही काम वावरात नाही. शिवाय कमरेला असताना बटण दाबलं गेलं तर काय होईल, विचार करा. आपल्याला नखानं किंवा अंगठ्यानं उघडायचा, दोन हात लागले तरी चालेल असा साधा चाकू पाहिजे. पात्याच्या पाठीजवळ नखासाठी खाच असते, ती खोल आहे का ते बघा. उथळ असेल तर ओल्या हातानं नख निसटते.

उघडल्यावर पातं अडकलं पाहिजे. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण घडीच्या चाकूनं जी बोटं कापली जातात त्यातली पुष्कळ पातं मागे मिटल्यानं कापली जातात. साध्या चाकूत फक्त स्प्रिंगचा दाब असतो, जोर लावला की पातं वळते. त्यापेक्षा अडकणारा घ्या. काहींत मुठीच्या आत एक पत्र्याची पट्टी असते, पातं उघडलं की ती मागे येऊन टेकते. फ्रान्समध्ये ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून शेतकऱ्यांच्या खिशात आहे. त्याच्या मुठीच्या तोंडाशी फिरणारी धातूची कडी असते, ती फिरवली की पातं पक्कं. ही कडी १९५५ मध्ये आली. तसल्या कडीचे चाकू आता आपल्याकडेही दिसतात. मला स्वतःला कडीचाच आवडतो, कारण तो बंद असतानाही कडी फिरवून कुलूपबंद करता येतो. लेकरांच्या घरात ते फार कामाचं.

दुकानात काय कराल? उघडा, पातं चिमटीत धरून डावं-उजवं हलवून पाहा. खडखड हलत असेल तर परत ठेवा. मग बंद करा, तोंड खाली करून हलका झटका द्या. पातं बाहेर डोकावलं तर तो कमरेला ठेवायच्या लायकीचा नाही. मूठ हात ओला करून धरून पाहा. चकचकीत गुळगुळीत मूठ फोटोत छान दिसते, घामाच्या हातात सटकते. हे सगळं ऑनलाइन मागवून होत नाही, म्हणून मी म्हणते की खरेदी समितीनं इतवारीच्या लोहाओळीत जावं, चार दुकानं फिरावीत, दोन-तीन नमुने आणावेत, मग सगळ्यांनी हातात घेऊन ठरवावं. नमुना न बघता शंभर नग मागवायचे नाहीत.

स्टीलचं म्हणाल तर आपल्यासाठी स्टेनलेस. साध्या लोखंडी पात्याला धार छान लागते हे खरं, पण काटोल-नरखेडकडच्या बाया संत्र्याच्या तोडणीवर जातात, त्यांना माहीत आहे की संत्र्याच्या रसानं लोखंड संध्याकाळपर्यंत काळं पडते. स्टेनलेसही पुसूनच ठेवायचं. आणि धार ठेवायचीच. बोथट चाकूला जोर लावावा लागते, आणि जोर लावला की तो घसरून हातावर येते. टोमॅटोवर ठेवून ओढा, न दाबता कापला तर धार आहे. गंजलेल्या किंवा मातीच्या पात्यानं हात कापला तर साबणानं धुवा आणि आरोग्य उपकेंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते सांगा. हळद दाबून घरी बसू नका.

वरूड, शेंदुरजनाघाटकडे नर्सरीत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तिथे ज्या भगिनी जातात त्यांच्याकडे डोळे बांधायचा वेगळा चाकू असते. त्यानं सुतळी कापायची नाही. एका झाडाचा रोग दुसऱ्याला त्याच पात्यानं जाते, म्हणून तो स्पिरिटनं पुसत राहायचा.

अजून एक, विषय निघाला म्हणून. साप चावला तर या चाकूनं चिरा द्यायचा नाही. तोंडानं ओढायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही, १०८ ला फोन, आणि दवाखाना. चाकू जवळ आहे म्हणून कोणीतरी तो काढेलच, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता खरा प्रश्न. ठेवायचा कुठे?

माणसाच्या शर्टाला खिसा, पँटला चार खिसे. आपल्या लुगड्याला, साडीला, परकराला खिसा कुठे आहे? मोबाइल ब्लाउजमध्ये, पैसे ब्लाउजमध्ये, किल्ली कनवटीला. चाकू ब्लाउजमध्ये ठेवायचा नाही, बंद असला तरी. वाकलं की पडते, आणि बसता-उठता उघडला तर छातीलाच लागते. कापूस वेचताना आपण घरच्या माणसाचा जुना शर्ट घालतो, त्याच्या वरच्या खिशातही नको. वाकल्यावर तो ओटीत पडला, ओटीतून गाठोड्यात आणि गाठोड्यातून जिनिंगमध्ये गेला तर मशीनमध्ये ठिणगी पडून कापूस पेटू शकते. लोखंडाचा तुकडा कापसात जाऊ नये म्हणून जिनिंगवाले एवढे ओरडतात ते यासाठीच.

म्हणून आपल्या शिवणकाम समूहानं परकराला खिसा लावायचं मनावर घेतलं, त्याचा मला फार आनंद झाला. उजव्या बाजूला, नेफ्याच्या खाली. चार बोटं रुंद, बंद चाकूपेक्षा तीन बोटं खोल, वर झाकण आणि एक बटण. आत नाडीचा फास, तो चाकूच्या मागच्या भोकात अडकवायचा. मग पडत नाही, दिसत नाही, टोचत नाही. सलवारीलाही तसाच लावता येते.

दिसू नये हे का म्हणते? लपवायचं म्हणून नाही. गावात बाईनं कमरेचा चाकू काढला की "पाह्य, चाकू घेऊन फिरून राह्यली" असं होते. तेच माणसानं काढला तर तंबाखूची पुडी कापत असेल. म्हणून साधा, लाकडी किंवा रंगीत मुठीचा घ्या, काळा आणि दातेरी नको. काम झालं की लगेच मिटा. कोणाला देताना मिटूनच द्या.

आता दुसरा ठराव, संरक्षणाचा. यावर मी गोड बोलणार नाही.

ज्या पोरींनी हे लिहिलं त्यांना कारण आहे. कॉलेजची बस सुटली की अंधारात फाट्यापासून पायी यावं लागते, आणि फाट्यावर कोण बसलेलं असते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी २०१३ मध्ये, दिल्लीच्या घटनेनंतर, मुंबईत एका राजकीय पक्षानं बायकांना छोटे चाकू वाटलेही होते. आणि नागपुरात चाकूचा विषय निघाला की कोणीतरी कस्तुरबानगरचं नाव काढतेच. १३ ऑगस्ट २००४ ला अक्कू यादव नावाच्या गुंडाला जिल्हा न्यायालयात वस्तीतल्या जमावानं मारलं. बायकांच्या हातात तिखट आणि घरातले भाजीचे चाकू होते, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. वर्षानुवर्षं त्यानं वस्ती छळली होती आणि तक्रारींना दाद मिळत नव्हती, हे बायका सांगत होत्या. ते दुःख खरंच होतं. पण ही गोष्ट सांगताना पुढचं कोणी सांगत नाही. अनेकांवर खुनाचा खटला चालला आणि सुटका व्हायला २०१४ उजाडलं. दहा वर्षं तारखा. रोजमजुरी सोडून कोर्टाच्या पायऱ्या. ती अख्खी वस्ती होती, आणि तुम्ही फाट्यावर एकट्या असाल.

अडीच इंचाच्या घडीच्या चाकूचं सांगते. तो काढायला, उघडायला वेळ लागते. तोवर समोरचा हात धरते. त्याचा हात आपल्यापेक्षा ताकदीचा असला तर चाकू त्याच्याकडे जाते. ज्याला शिकवलेलं नाही त्याच्या हातात तो धीर देते, वाचवत नाही, आणि खोट्या धीरानं आपण नको त्या वाटेनं जातो. कायद्यानं स्वतःला वाचवायचा हक्क दिलेला आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून पुढे तो आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो हक्क टिकत नाही, आणि गरज किती होती हे आपल्यालाच सांगावं लागते.

कायद्याचं अजून थोडं. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत, घरकामाचे आणि शेतीचे सोडून. आपला त्यात येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी काही दिवस चाकू, लाठ्या बाळगायला बंदी घालू शकतात, आणि ती मोडली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सण, निवडणूक, आंदोलनाच्या काळात असे आदेश निघतात. म्हणून मोर्चा, मेळावा, मिरवणूक, मतदान, कोर्ट, कलेक्टर ऑफिस, नागपूरची मेट्रो, इथे जाताना चाकू घरी. "शेतीचा आहे" हे वावरात पटते, सीताबर्डीत पटवायला वेळ जाते.

मग पोरींचं काय? मी दुसरा ठराव फेकून द्या म्हणत नाही, त्यातला चाकू काढा म्हणते. फाट्यावर दिवा लावायचा ठराव ग्रामसभेत घ्या. संध्याकाळच्या बसच्या वेळी दोन समूहांच्या बाया पाळीनं फाट्यावर उभ्या राहा, आठवड्यात एका बाईची पाळी एकदाच येईल. बसच्या वेळेचं निवेदन प्रभागसंघाच्या लेटरहेडवर डेपोला द्या. ११२ प्रत्येक पोरीच्या फोनमध्ये, १८१ आयांच्या फोनमध्ये. आणि फाट्यावर जे बसतात ते कोणाचे तरी लेक आहेत, त्यांच्या आया याच सभेत बसल्या असतील. त्यांच्याशी बोलायला मी तयार आहे, पण एकटी नाही, ग्रामसंघाच्या अध्यक्षताई सोबत पाहिजेत.

खरेदीसाठी शुक्रवारपर्यंत नावं द्या. शिवून आणलेला नमुन्याचा परकर टेबलावर आहे, खिशात हात घालून पाहा, तोंड अरुंद वाटलं तर आत्ताच सांगा. आणि प्रत्येक समूहातल्या डावखुऱ्या बायांची नावं वेगळी लिहा. आतल्या पट्टीचा चाकू उजव्या अंगठ्यासाठी बनवलेला असते, डाव्या हातानं मिटताना त्रास होते. त्यांच्यासाठी कडीचेच आणू.