केमो संपली, पुढे काय?

(शिवाजीनगर, बंगळूर येथे रेल्वे कामगारांपुढे केलेले भाषण)



नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. नाव ऐकताच घर खचते. पण त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराच्या ६० ते ८० वर्षांच्या रुग्णांवर युरोपात चाचणी झाली. तिचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०१० साली आले. ‘चॉप’ या जुन्या औषधांवर शंभरातले २८ हयात होते. जोडीला रितुक्सिमॅब दिले, त्यांतले ४४.

पण जगणे वेगळे आणि ड्युटीवर उभे राहणे वेगळे. चॉपमधील डॉक्सोरुबिसिनने हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो, कधी कधी कित्येक वर्षांनी. व्हिन्क्रिस्टीनने हातापायांना बधिरपणा येतो. काहींचा जातच नाही. ज्याच्या पावलाला खडी कळत नाही, त्याला रुळावर कसे धाडायचे?

म्हणून आमचे सांगणे आहे. उपचार किदवाईत होवोत की टाटात, डॉक्सोरुबिसिनचा एकूण डोस कागदावर लिहून घ्या आणि तो कागद निवृत्तीनंतरही जपा. दम लागला, पाय सुजले, तर ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नका. कागद डॉक्टरांना दाखवा, इको करून घ्या.

सेवेत अपंगत्व आले, तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चे कलम २० पाहा. सरकारी आस्थापनेने अशा कामगारास काढू नये, हुद्दा उतरवू नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. तो मागायला एकटे जाऊ नका. युनियनला सोबत घ्या.