परदेशच्या बाजारासाठी पीक घेताना



छाटणीत पटाईत असलेला माणूस खुरपणीतही इतरांपेक्षा चलाख असू शकतो. तरी छाटणीच्या दिवसांत तो आपल्या रानातली खुरपणी मजुरी देऊन करून घेतो. का? छाटणीला त्या दिवशी जास्त पैसे सुटतात म्हणून. देशादेशांतला व्यापारही याच हिशेबावर चालतो.

हा हिशेब डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली मांडला. त्याने उदाहरण असे धरले : ठराविक कापडाला इंग्लंडात वर्षभर १०० माणसे लागतात, पोर्तुगालात ९०. त्या कापडाच्या बदल्यात मिळेल एवढी द्राक्षाची दारू करायला इंग्लंडात १२० लागतात, पोर्तुगालात ८०. दोन्हींत पोर्तुगालच सरस. तरीही पोर्तुगालने दारू देऊन कापड घेतले, तर त्याच्या १० माणसांचे काम वाचते आणि इंग्लंडचे २० माणसांचे.

आपल्या नाशिक भागाची द्राक्षेही अशीच युरोपात जातात. ऑक्टोबरात छाटलेली बाग फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते, तेव्हा तिकडच्या वेलींवर फळ नसते. उलट खाद्यतेल आपल्याला पुरत नाही, म्हणून पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येते.

पण कागदावर माणसे एका कामावरून दुसऱ्यावर सहज जातात, द्राक्षबाग जात नाही. मांडव आणि वेलींत पैसा घातला की मागणी गेली म्हणून तिथे लगेच हरभरा पेरता येत नाही. २०१० साली आपल्या द्राक्षांत सीसीसी या वाढनियंत्रकाचा अंश युरोपात सापडला आणि माल अडकला. कांद्याची निर्यात ८ डिसेंबर २०२३ ला बंद झाली. काही सरकारी परवानग्या सोडल्या, तर ती बंदी ४ मे २०२४ ला उठली.

तेव्हा एवढे करा :

१. आपल्या मातीत, पाण्यात आणि हंगामात जे चांगले साधते, तेच निर्यातीसाठी निवडा. शेजाऱ्याने लावले म्हणून लावू नका.

२. ज्या देशात माल जाणार, तिथली औषधांच्या अंशाची मर्यादा आधी विचारा. प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण वहीत लिहा. बागेची नोंदणी कृषी खात्याकडे वेळेवर करा.

३. सगळे रान एकाच पिकाला देऊ नका. घरची ज्वारी, डाळ आणि जनावरांची वैरण यांपुरती जागा राखा.

४. कर्ज काढताना परदेशचा भाव धरू नका. तोच माल जवळच्या बाजारात किंवा बेदाण्याला गेला, तर हप्ता फिटेल का, ते आधी पाहा.

रामराम.